चर्चा धागा: सोलापुरात लहान जातीचे कुत्रे पाळणे ही क्रूरता आहे का?

कंबर तलाव

गेल्या आठवड्यात ‘माळरान’ यांनी असे लिहिले होते की, सोलापूरसारख्या उष्ण शहरात पग, स्पिट्झ, शिट्झू अशी लहान कुत्री पाळणे ही क्रूरता आहे, ती सदैव आजारी असतात, फ्लॅटमधले लोक ती केवळ मिरवण्यासाठी आणतात आणि ज्याच्याकडे अंगण नाही त्याने कुत्र्याचा नाद सोडावा. ते लिखाण मी दोनदा वाचले आणि उत्तर दिल्याशिवाय मला राहवले नाही.

माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षे चादरीच्या कारखान्यात मागावर काम केले. मागाच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. आई गेल्यापासून ते अशोक चौकाजवळच्या दोन खोल्यांत एकटे राहतात, कारण ती गल्ली आणि तिथले सोबती सोडून जुळे सोलापूरला माझ्याकडे यायला ते तयार नाहीत. त्यांच्याजवळ चिंगी आहे. सगळी गल्ली तिला पामेरियन म्हणते. पण खरा पामेरियन दोन-तीन किलोंचा असतो आणि आपल्याकडे ज्याला सर्रास पामेरियन म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो, जो कित्येक पिढ्या इथल्याच हवेत वाढला आहे. चिंगीचे वजन सात किलो आहे. दारावर कोणी आले की ती वडिलांच्या पायजम्याला धरून ओढते, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघर आणि खाट यांच्यामध्ये येरझारा घालते. तिला मिरवायला नेण्याइतके वडिलांचे गुडघेही आता धड राहिलेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ती अचानक अत्यवस्थ झाली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या वडिलांनी तिला चादरीत गुंडाळले, उचलले आणि रिक्षाने दवाखाना गाठला. तिथे वीस-पंचवीस किलोंचा कारवानी, म्हणजे आपल्याकडचा मोठा शिकारी कुत्रा, असता तर त्यांनी काय केले असते, याचे उत्तर ‘माळरान’ यांनी द्यावे. लहान कुत्र्यांना आजार असतात हे मला मान्य आहे. त्यांच्या गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका नाजूक असल्यामुळे गळ्यात पट्टा ओढला की बदकासारखा खोकला येतो आणि दातांवर कीट चढून हिरड्या सडतात. परंतु छातीला बांधायचा पट्टा वापरणे आणि दात घासणे यासाठी अंगण लागत नाही. मोठ्या कुत्र्यांची पोटे फुगून जठराला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो, त्याबद्दल त्यांच्या लिखाणात एक ओळही नव्हती.

माळरान

ताई, तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, पण एका चिंगीवरून तुम्ही सगळ्या जातींची वकिली करू नये. मी स्पिट्झचे नाव त्या यादीत घ्यायला नको होते, एवढे मी मान्य करतो. त्याहून अधिक काही मान्य करणार नाही.

माझा राग कशाचा आहे ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचे शेजारी आपला पग घेऊन तुळजापूरला देवदर्शनाला गेले होते. परतताना गाडीचा एसी बंद पडला. सोलापूर ते तुळजापूर अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर आहे, तरीही गाडी दारात उभी राहिली तेव्हा त्या कुत्र्याची जीभ जांभळी पडली होती आणि ते उभे राहू शकत नव्हते. मी स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले. अर्ध्या तासात ते गेले. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. आणि ज्याचे नाक माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चेपून सपाट केले, नाकपुड्या फटीएवढ्या केल्या, टाळूचे मांस घशात लोंबते ठेवले, त्याने धापा तरी कशा टाकाव्यात? निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि ते १०५च्या पुढे गेले की आतले अवयव निकामी होऊ शकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सियसच्या वर जातो. हा हिशेब न करता पग आणणाऱ्या माणसाला मी प्राणिप्रेमी म्हणणार नाही.

नेदरलँड्समध्ये चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर सरकारने कडक निर्बंध घातले आहेत. आपल्याकडे मात्र २००३च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग दिसला आणि घरोघरी पग आले. आमच्या कारवानीला कोणी जाहिरातीत घेतले नाही, म्हणून तो बिचारा माळावरच राहिला.

सातरस्ता

माझ्याकडे सहा वर्षांचा पग आहे आणि त्याला मी जाहिरात पाहून आणलेले नाही. एका कुटुंबाची बदली झाली, ते त्याला सोडून निघाले होते, म्हणून मी त्याला ठेवून घेतले. त्याला मरू द्यायला हवे होते का? उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला फिरून येतो, दुपारभर तो कूलरसमोर असतो आणि त्याचे वजन मी वाढू देत नाही, कारण लठ्ठ पगचा श्वास आणखी कोंडतो. सहा उन्हाळ्यांत त्याला एकदाही उष्माघात झालेला नाही.

तो मरता मरता वाचला तो गोचिडींमुळे, आणि त्या ‘माळरान’ यांच्यासारख्या शेतकऱ्यांच्या मोकाट सोडलेल्या कुत्र्यांवरूनच येतात, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्डीजवळ मित्राच्या शेतावर आम्ही एक दिवस राहिलो. दोन आठवड्यांनी त्याने खाणे सोडले, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. रक्तातल्या तांबड्या पेशी बबेसिया नावाचा परजीवी फोडतो, हे मला त्या दिवशी कळले. रक्त चढवावे लागले. रक्तदाता कुत्रा शोधत आम्ही रात्री अकरा वाजता विजापूर रोडवर फिरत होतो. नाकाच्या लांबीवर प्रवचन देण्यापूर्वी आपल्या कुत्र्यांचे कान उलटून पाहावेत.

शेंगाचटणी

गोचिडींचा विषय निघालाच आहे, तर मला जे सांगायचे आहे ते मी अजून कोणाला नीट सांगितलेले नाही.

आम्ही सोलापूरच्या बाळे भागात राहतो आणि घरी दोन म्हशी आहेत. माझ्याकडे साडेपाच किलोंची डॅशहाऊंड होती, तिचे नाव राणी. तिच्या कानांत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचिडी झाल्या, तेव्हा दिरांनी म्हशींसाठी आणलेल्या डेल्टामेथ्रिनच्या बाटलीतले टोपणभर औषध थोड्या पाण्यात कालवून तिच्या अंगाला चोळले. त्यांचा हेतू चांगला होता, त्यांनाही राणीचा लळा होता. तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, मग सर्वांग थरथरू लागले आणि तिला उभे राहता येईना. त्या वेळी कोणता दवाखाना उघडा असेल हे आम्हांला ठाऊक नव्हते. पहाटे चार वाजता ती माझ्या मांडीवर गेली.

तिच्या जातीला पाठीच्या मणक्यांमधली चकती सरकण्याचा आजार असतो, म्हणून मी तिला कधी जिना चढू दिला नाही, सोफ्यावरून उडी मारू दिली नाही. ज्या आजाराची भीती होती तो तिला झालाच नाही.

माळरान

शेंगाचटणी ताई, तुमच्या राणीचे वाचून वाईट वाटले. पण औषधाला दोष देऊ नका. मी वीस वर्षे माझ्या कारवानींना जनावरांचेच औषध लावत आलो आहे आणि एकही दगावलेला नाही. कुत्र्याची गोचिडींवरची चघळण्याची गोळी शेतकऱ्याला परवडत नाही. शहरातल्या माणसाने एका कुत्र्यासाठी ती घ्यावी, माझ्याकडे चार कुत्री आणि नऊ जनावरे आहेत. ‘सातरस्ता’ यांनी माझ्या कुत्र्यांवर बेछूट आरोप केला आहे. त्यांच्या घरात गोचीड कोठून आली हे त्यांनी कसे ठरवले? माझी कुत्री त्यांनी पाहिली तरी आहेत का?

निवृत्त कंपाउंडर

मी सव्वीस वर्षे जनावरांच्या दवाखान्यात काम केले असून या वादातल्या दोन्ही बाजू मला टेबलावर भेटलेल्या आहेत.

‘माळरान’, तुमची कुत्री वाचली म्हणून तुमची पद्धत बरोबर ठरत नाही. म्हशीचे औषध कित्येक लिटर पाण्यात मिसळून चारशे-पाचशे किलोंच्या अंगावर फवारण्यासाठी असते. टोपण तेच राहते आणि अंग सत्तर-नव्वदपट लहान होते, ही खरी गोम आहे. शिवाय लहान कुत्र्याच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी अधिक असते, त्यामुळे औषध अधिक शोषले जाते, आणि उरलेले ते चाटून पोटात घेते. असे कोणी लावलेच असेल तर लगेच साध्या साबणाने आणि कोमट पाण्याने अंग धुवावे, चाटू देऊ नये आणि बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात यावे. बाटली हातात नसली की डॉक्टरांना अंदाजाने उपचार करावे लागतात.

‘सातरस्ता’, तुमचा आरोपही पुराव्याशिवाय आहे. कुत्र्याची तपकिरी गोचीड शेतापेक्षा घरात अधिक सुखाने राहते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळते, भिंतीच्या फटीत किंवा पलंगाच्या सांध्यात शिरते आणि हजारो अंडी घालते. माळवदाच्या जुन्या घरांच्या दगडी भिंती तिला विशेष मानवतात, पण तुमच्या फ्लॅटमधले सोफ्याचे शिवणही तिला चालते. म्हणून नुसत्या कुत्र्यावर इलाज करून भागत नाही. फटी बुजवाव्या लागतात आणि अंथरूण उकळत्या पाण्यात टाकावे लागते.

माझा सर्वांत मोठा राग मालकांच्या घाईवर आहे. एर्लिचिया या गोचीडतापात डॉक्टर बहुतेक वेळा अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. चौथ्या दिवशी कुत्रे भाकरी खाऊ लागते आणि आठव्या दिवशी मालक गोळ्या बंद करतो. मग कित्येक महिन्यांनी तेच कुत्रे नाकातून रक्त गळत असताना येते, कारण रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, संपलेल्या असतात. तेव्हा मालक आम्हांला म्हणतो की मागच्या वेळचे औषध लागू पडले नाही. हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की मला त्या वाक्याची चीड आली आहे.

मास्तर

सर्वांनी आपापल्या कुत्र्यांचे सांगितले, पण ही पिल्ले येतात कोठून, हे कोणी विचारत नाही. माझ्या नातवाने रस्त्याच्या कडेला टोपलीत विकायला ठेवलेले शिट्झूचे पिल्लू हट्टाने घ्यायला लावले. विकणाऱ्याने ते दोन महिन्यांचे असल्याचे सांगितले. डॉक्टरांनी दात पाहून पाच आठवड्यांचे ठरवले. सहाव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, सलाईन लावले, तरीही ते पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेले. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे. टोपलीवाल्याजवळ कसली नोंदणी असणार? पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देऊन पुढे सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते, हेही आम्हांला तेव्हा कोणी सांगितले नाही. पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने जिवंत राहतो, म्हणून ब्लीचच्या पाण्याने फरशी धुवायला सांगितले, तर आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. दहा वर्षांच्या मुलाने ते दुःख कसे पचवले ते मी पाहिले आहे.

सातरस्ता

कंपाउंडर साहेब, गोचीड माझ्याच घरात असू शकते हे मला पटलेले नव्हते. काल पलंग उलटा केला. सांध्यात सात-आठ सापडल्या. ‘माळरान’ यांच्या कुत्र्यांविषयीचे माझे विधान मी मागे घेतो. पगविषयीचे त्यांचे लिखाण मात्र मला आजही अपमानकारक वाटते.

कंबर तलाव

धागा मी सुरू केला म्हणून काही गोष्टी मलाही बोलल्या पाहिजेत. ‘माळरान’ यांचे पगविषयीचे म्हणणे, शब्द कठोर असले तरी, मला नाकारता येत नाही. असलेल्या पगला सांभाळणे वेगळे आणि नवीन पग विकत घेऊन त्या पैदाशीला पैसा पुरवणे वेगळे. ‘सातरस्ता’ पहिल्या गटातले आहेत, त्यांच्यावर दगड मारू नयेत.

चिंगीला दोन वर्षांपूर्वी काय झाले होते, ते मी वर टाळले, कारण त्यात चूक माझी होती. ती माजावर येऊन महिना-दीड महिना झाला होता. ती घागरीभर पाणी पिऊ लागली, पोट ताणल्यासारखे दिसू लागले आणि तिने खाणे सोडले. वडिलांनी मला फोनवर सांगितले, तेव्हा मी उन्हाळ्याचे निमित्त सांगून ताक पाजायला सांगितले. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. नऊ वर्षांची होईपर्यंत मी तिची नसबंदी करून घेतली नव्हती, ‘मुका जीव, कशाला कापाकापी’ असे म्हणत राहिले. वडिलांनी माझे ऐकले नाही आणि रिक्षा पकडली, म्हणून त्या रात्री शस्त्रक्रिया होऊन ती वाचली. डॉक्टरांच्या मते सकाळपर्यंत थांबलो असतो तर ती हाती लागली नसती. ज्यांच्याकडे मादी आहे, मग ती स्पिट्झ असो की कारवानी, त्यांनी पिल्ले नको असतील तर हे काम वेळेवर करून घ्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

माळरान

काल गोठ्यातली बाटली काढून तिच्यावरची बारीक अक्षरे मुलाकडून वाचून घेतली. कुत्र्यांवर वापरण्याविषयी तिच्यावर एक शब्दही नाही. वीस वर्षांत मी ती कधी वाचली नव्हती. माझी कुत्री पंचवीस किलोंची असल्याने निभावून गेली असावीत, हे मला आता दिसते. चघळण्याच्या गोळीचा खर्च अजूनही मला अवाच्या सवा वाटतो, तो मुद्दा मी सोडलेला नाही. कंपाउंडर साहेब, चार कुत्र्यांना परवडेल असा काही मार्ग असेल तर इथेच लिहा, म्हणजे आमच्याकडच्या इतरांनाही वाचता येईल.

माझी एक कारवानी मादी सहा वर्षांची आहे आणि मागच्या महिन्यात माजावर येऊन गेली. परवापासून ती हौदावरून उठत नाही. ऊन आहे म्हणून पाणी पीत असेल, असे मी समजत होतो. ताईंचे वाचून उठलो आणि टेम्पो सांगितला आहे. दवाखान्यातून आल्यावर लिहितो.