मदत हवी आहे: शिराझ द्राक्षांच्या लाल वाइनचं आंबवण १.०२० घनतेवर अडकलंय

तासगावजवळच्या मुरमाड उतारावरच्या जुन्या वेलींची द्राक्षं, परवान्याखालची छोटी वायनरी. देठ काढून फोडलेला १५० लिटर माल, सुरुवातीला २५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), पीएच ३.९. नको ते जंतू दाबायला मेटाबायसल्फाइट १५ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ३० ग्रॅम यीस्ट. पाचव्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये टाकी ३५ अंशांवर गेली, तिथंच यीस्ट दमलं असावं.

आता चार दिवस हायड्रोमीटर (घनता मोजतो, साखर संपते तशी ती उतरते) १.०२० वरच. सालींचा थर खाली बसलाय, बुडबुडे नाहीत. वास स्वच्छ आहे, व्हिनेगरची झाक नाही. (रिफ्रॅक्टोमीटरचं (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारं यंत्र) वाचन मुद्दाम देत नाही, अल्कोहोल झाल्यावर ते जास्त दाखवतं.)

विचार असा: साली पिळून काढायच्या, २२-२४ अंशांवर आणायचं आणि बायानस (जास्त अल्कोहोल सोसणाऱ्या) यीस्टचं ताजं विरजण रोज थोडी वाइन घालत, दुप्पट करत तयार करायचं. एकदम ओतलं तर सुमारे ११ टक्के अल्कोहोलमध्ये ते मरेल.

जाणकारांनी सांगावं: इतक्या उशिरा डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टचं नत्रयुक्त खाद्य) घालून उपयोग होतो का? पीएच ३.६ पर्यंत आणायला टार्टारिक आम्ल आत्ता घालावं की विरजण चालू झाल्यावर? साखर शिल्लक असताना लॅक्टिक जिवाणू सुटले तर सगळं आंबट होईल, म्हणून घाई आहे.