होल्डिंग पाँडची वाट म्हणजे रोड बाइकचा स्वर्ग? काहीही!

खाडीवारा
काल इथे नवी मुंबईतल्या सायकलिंगवर एक पोस्ट वाचली: "पामबीच रोडवर जीव कशाला धोक्यात घालता? होल्डिंग पाँडच्या (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्याच्या) कडेने बागांमधून फरसबंदी वाट आहे ना! गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत, रोड बाइकवर (पातळ टायरच्या वेगवान सायकलवर) ताशी 30 ने मस्त लूप निघतात." खाली अंगठ्यांची रांग. प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

आधी त्या 30 चं बघू. ताशी 30 म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. समोर पोर धावत आलं हे दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे सव्वाआठ मीटर गेलेच. कोरड्या फरशीवर ब्रेक चांगला लावला तरी थांबायला आणखी सात लागतात. झाले 15. ओली फरशी असेल तर 20. हेच 15 च्या वेगाला 6 मीटरमध्ये आटपतं. आता बागेतल्या वळणावर मेंदीच्या कुंपणापलीकडचं किती दिसतं ते स्वतःच मोजून या.

दुसरं, पेव्हर ब्लॉक. वाळूच्या थरावर बसवलेले असतात. पावसात सांध्यातली वाळू धुपली की एक ब्लॉक खचतो आणि शेजारच्याची कड वर येते. ती कड काटकोनात लागली तर नुसता दणका बसतो. तिरप्या कोनात लागली तर चाक कडेला घासत जातं, वर चढत नाही, हँडल वळत नाही आणि तुम्ही आडवे. गटाराच्या जाळीचे गज वाटेला समांतर असतील तर चाक फटीत, विषयच संपला.

आणि दोन किलोमीटरच्या लूपवर 40 किलोमीटर करायचे म्हणजे 20 फेऱ्या. एका फेरीत चार बोलार्ड (गाड्या अडवायला रोवलेले खांब) धरले तरी 80 वेळा वेग मारा, 80 वेळा उचला. हा कसला व्यायाम?

मोराज_ते_किल्ला
ती पोस्ट माझीच. लेख छान आहे, परीक्षेला ठेवा.

पामबीच म्हणजे सहा पदरी सरळसोट 10 किलोमीटर, त्यामुळे गाडीवाल्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठत नाही. जंक्शनला तुम्ही सरळ आणि गाडी तुम्हाला ओलांडून डावीकडे, ही धडक बागेत होतच नाही. कडेला बारीक खडी आणि काच असते, म्हणून सायकलवाला दोन हात आत सरकतो आणि शिव्या खातो. त्याचं थांबण्याचं गणितही मांडा की! गाडी 80 ने आली तर पहिल्या सेकंदातच 22 मीटर गेलेले असतात.

पंक्चरपंडित
दोघांचंही चुकतंय. पेव्हरवर दणके बसतात म्हणणारे 25 मिमी रुंद टायरात 110 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कोंबून येतात. टायर दगड झाला की ब्लॉकच्या कडेवर तो उडणारच, आणि उडालेल्या चाकाला ना पकड असते ना ब्रेक. 70 किलोचा माणूस आणि 28 चा टायर असेल तर पुढे 62 ते 65, मागे 68 ते 70. 25 चाच असेल तर 80-85 वर थांबा. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, म्हणून दोन्हीकडे एकच आकडा भरणं हा अडाणीपणा.

सीटपोस्ट_जाम
110 हा टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा असतो हो पंडित. कंपनीला तुमच्यापेक्षा कमी कळतं का?

पंक्चरपंडित
ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. पुलावर "वजनमर्यादा 10 टन" लिहिलंय म्हणून तुम्ही 10 टन भरूनच पूल ओलांडता का?

नेरुळची_काकू
टायर राहू द्या बाजूला. वजन वाचवायला घंटी काढून टाकता, चाळीसेक ग्रॅमची! मग मागून "साइड, साइड" ओरडता. चालणारा दचकतो आणि हमखास आवाजाच्याच बाजूला सरकतो. दहा-पंधरा मीटरवरून घंटी एकदा वाजवा, वेग उतरवा, तो बघेपर्यंत थांबा. आणि ते दिवे! पहाटे डोळ्यात भाला खुपसल्यासारखे. दिवा खाली वाकवा, झोत पुढच्या चाकापासून पाच-सहा मीटरवर जमिनीला लागला पाहिजे.

मोराज_ते_किल्ला
काकू, दिव्याचं मान्य. पण इअरफोन लावून तिघीतिघी आडव्या चालतात, त्यांना घंटी ऐकू जाते का?

नेरुळची_काकू
नाही जात. म्हणूनच तर वेग उतरवा म्हटलं. बागेची वाट चालणाऱ्यांची आहे, तुम्ही पाहुणे.

ट्यूबलेस_भाऊ
28, 65 वगैरे घाऊक आकडे फेकताय पंडित, पण रिम कोणती ते विचारलंत? टायरवर 28 छापलेलं असलं तरी रुंद रिमवर तो 30 भरतो, मग दाब आणखी खाली. आणि रिम हूकलेस असेल, म्हणजे टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली, तर 5 बार, म्हणजे 73 पीएसआयच्या किंचित खाली, ही कमाल. त्यात 110 भरणाऱ्याने आधी विमा काढावा. 2024 च्या यूएई टूर या व्यावसायिक सायकल शर्यतीत थॉमस डी गेंट या बेल्जियन सायकलपटूचा टायर हूकलेस रिमवरून निखळला, तेव्हा आतून 25 रुंद असलेल्या रिमवर 28 चा टायर चालतो का यावरच रणकंदन झालं होतं.

सीटपोस्ट_जाम
बागेत फेऱ्या मारणाऱ्याला यूएई टूर! वा. उद्या वाशीच्या मिनी सीशोअरला पेलोटॉन (शर्यतीतला सायकलपटूंचा जथा) येईल.

पंक्चरपंडित
भाऊ, हूकलेसचं बरोबर, लिहायला हवं होतं. पण इथे निम्म्यांकडे साध्या हूकवाल्या रिम आणि ट्यूब आहेत. त्यांनी ट्यूबलेसवाल्यांचं (ज्यांच्या टायरात ट्यूबच नसते) ऐकून 50 वर उतरू नये. कड लागली की ट्यूब रिम आणि ब्लॉकमध्ये चिमटते, साप चावल्यासारखी दोन भोकं. पंक्चर काढताना एकच पॅच लावून मोकळे होतात आणि मग "ट्यूब खराब निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडतात.

अजून एक. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा असते, ट्यूबमधली नव्हे. त्या भीतीने पाच पीएसआय जास्त मारू नका.

खाडीवारा
धागा भलतीकडेच नेलात. विषय वाटेचा होता.

पंक्चरपंडित
वाट टायरला लागते, तुमच्या गणिताला नाही. आणि तुमच्या टायरात किती हवा असते ते अजून सांगितलेलं नाहीत.

खाडीवारा
...100. 25 चा टायर.

ट्यूबलेस_भाऊ
🙏 धागा सार्थकी लागला. "हँडल वळत नाही" चं अर्धं रहस्य उलगडलं.

खाडीवारा
हसा. हवा 80 करून बघतो. तरी उभी कड आणि समांतर गज 80 लाही तसेच राहतात, हे लक्षात ठेवा.

सीटपोस्ट_जाम
पावसाळ्याचं कोणीच बोललं नाही. होल्डिंग पाँड शोभेचे नाहीत. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली. भरतीला फ्लॅप गेट (एकाच बाजूला उघडणारं झडपेचं दार) बंद होतं, खाडी आत येत नाही आणि पावसाचं पाणी पाँडमध्ये साठतं. ते चढून काठावर आलं की मागे गाळाचा पातळ थर ठेवून जातं. तो सुकलेला दिसतो पण वरून भुरभुर झाली की साबण होतो. सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळ असतं ते वेगळंच. त्यावर वळताना पुढचा ब्रेक दाबायचाच नाही, वेग वळणाआधी सरळ रेषेत उतरवायचा. मेअखेरीस गुलमोहराच्या ओल्या पाकळ्यांवरही तेच.

आणि खारं वारं. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) वर्षातून दोनदा तरी काढा, पुसा. ॲल्युमिनियमला ग्रीस, कार्बनला कार्बन पेस्ट. नाहीतर माझा आयडी वाचा.

मोराज_ते_किल्ला
ठीक आहे, 30 हा आकडा मागे घेतो, पोस्टमध्ये 18 करतो. खूश? पण पामबीचला भल्या पहाटेच जा, आणि मागचा लाल दिवा लुकलुकणारा नको, स्थिर ठेवा. लुकलुकत्यावरून अंतराचा अंदाज येत नाही.

ट्यूबलेस_भाऊ
चूक. लुकलुकणाऱ्याकडेच आधी लक्ष जातं. एक स्थिर, एक लुकलुकता, दोन्ही लावा.

नेरुळची_काकू
आता दिव्यांवर नवीन धागा काढा. आणि 18 नव्हे, 15.