सिंड्रेलाच्या राजवाड्याचा संच: सहा वर्षांच्या मुलीला जमेल का?

प्रश्न: लेगोचा २०१४ सालचा, ६४६ तुकड्यांचा सिंड्रेलाच्या राजवाड्याचा संच एका परिचितांकडून मिळतो आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तो एकटीने जोडता येईल का, आणि परीक्षण लिहायचे झाल्यास काय तपासावे?

प्रतिसाद १: सुरुवातीला आपण शेजारी बसावे आणि एकाच बैठकीत पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. संच वापरलेला असल्याने तुकडे पुस्तिकेतील यादीशी आधी ताडून पाहावेत, कारण साध्या विटांना पर्याय सहज सापडतो, पण मुकुटासारखा इवलासा तुकडा हरवला की तो मिळवणे जिकिरीचे होते. (आमच्याकडे तो सोफ्याखाली सापडला होता.)

प्रतिसाद २: परीक्षणात बाहुल्यांविषयी अवश्य लिहावे. नेहमीच्या ठोकळेबाज माणसांऐवजी यात २०१२ साली लेगोच्या ‘फ्रेंड्स’ या संचमालिकेबरोबर आलेल्या मिनी-डॉल आहेत. त्या दिसायला नाजूक असल्या तरी त्यांची मनगटे फिरत नाहीत. राजवाडा मागून उघडा असणे काहींना अपुरे वाटते, मला मात्र ते सोयीचे वाटते, कारण मुलांचे हात खोल्यांत सहज पोहोचतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. यादी ताडूनच संच घेईन.