लाईट बिलावरची माहिती बाहेर जाते कशी?

उदगीरकर: परवा रात्री आठला फोन. "साडेनऊला लाईन कट होणार, मागचं बिल अपडेट नाही." मी फोन ठेवणारच होतो, तर गड्यानं माझा बारा आकडी ग्राहक क्रमांक घडाघडा वाचला. रक्कम १,८४० रुपये, तीबी बरोबर. कनेक्शन अजून वडिलांच्या नावावर आहे. वडील जाऊन चार वर्षं झाली ओ. त्यांचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं अन् हात थरथरला. ॲप टाका म्हणाला, टाकलं नाही. पण एवढं त्याला कळलं कुठून?

अंबाजोगाईचा: बिलं कशी वाटतात तुमच्याकडं? आमच्या गल्लीत पोरगं सगळा गठ्ठा किराणा दुकानात टाकून जातंय. मागं भजे बांधून आले ते शेजाऱ्याच्या बिलात!

उदगीरकर: आमच्याकडं गेटच्या जाळीत खोचतो. अन्... मीच गेल्या महिन्यात बिल जास्त आलं म्हणून फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता. दोनशे माणसं आहेत त्यात.

परभणीकर: सापडलं की मग! ग्रुपवरचा तो फोटो डिलीट करा आधी. नुसता फोन आला असंल तर सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर 'चक्षु'मध्ये (फसव्या कॉलची तक्रार तिथं होते) कळवा, पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन. आपली माहिती कुणाला दिली हे कंपनीला विचारायचा हक्क 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे, पण लागू टप्प्याटप्प्यानं होतोय. अन् कनेक्शन नावावर करून घ्या राव.

उदगीरकर: अर्ज दोनदा भरून ठेवलाय. दारात दर महिन्याला त्यांच्या नावानं एवढंच येतंय, म्हणून राहिलं.