नवा स्टेम बसवल्यापासून हँडलमध्ये खडखड, वरचा बोल्ट गच्च करूनही जात नाही

मंडळी, परतवाड्यापासून थोडं आत, एका गावात राहतो. सायकल साधी अलॉयची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, आठ वर्षं जुनी, पुढे सस्पेन्शनचा चिमटा. रोज पांदणीनं संत्र्याच्या बागेत जाणं होतं, आणि तोडणी नसली की रविवारी चिखलदऱ्याचा घाट. मूळ स्टेम, म्हणजे हँडल चिमट्याच्या नळीला जोडणारा तुकडा, ९० मिमीचा होता, फार वाकावं लागे. पंचेचाळिशीनंतर कंबर ऐकेना, म्हणून ६० मिमीचा मागवला. हँडलचा मधला जाड भाग ३१.८ आणि चिमट्याची वर येणारी नळी २८.६, हे दोन्ही आकडे जुळवूनच घेतला. बसला आरामात.

पण आता पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे केली की टक टक वाजतं. घाट उतरताना वळणाआधी ब्रेक लावला की हँडल थरथरतं, जीव वर येतो. गावातल्या मिस्त्रीनं वरचा बोल्ट जोर लावून आवळला. काळ्या सायकलीत तोच बोल्ट सगळं धरून ठेवतो ना! फरक शून्य. म्हणे, "भाऊ, माल खराब देऊन राह्यले आजकाल."

बाजूचे दोन बोल्ट ढिले करून, आधी वरचा, मग बाजूचे, असं मीही तीनदा केलं. छर्रे ठीक आहेत, ग्रीस नवं आहे. चिमटाच गेला का? की स्टेम परत पाठवू?

प्रतिसाद
दादा, पाठवू नका, आणि वरचा बोल्ट आता आणखी आवळू नका, आटे जातील. तुमच्या सायकलीत तो काहीच धरत नाही, फक्त बेअरिंगवर दाब देतो. स्टेम धरतात ते बाजूचे दोन.

आधी ब्रेक दाबून, फ्रेमची खालची वाटी आणि चिमटा जिथे भेटतात तिथे बोट ठेवा. तिथे हललं तर हेडसेट, म्हणजे चिमटा फिरतो ती बेअरिंग, ढिला. तिथे स्थिर, पण चिमट्याचे पाय आपल्याच नळ्यांत डुगडुगतात, तर पायांना आतून आधार देणारे बुश झिजले, तो खर्च वेगळा.

वाटीत हलत असेल तर वरची टोपी काढून आतून बघा. नळी स्टेमच्या काठाच्या २-३ मिमी खाली हवी. बरोबरीत किंवा वर आली असेल तर टोपी नळीवरच टेकते आणि दाब बेअरिंगपर्यंत पोचतच नाही.

धागाकर्ता
खालच्या वाटीतच हलतं. आणि टोपीच्या आतल्या बाजूला गोल चकचकीत ओरखडा, बांगडीसारखा! पोराच्या कंपासमधल्या पट्टीनं मोजलं: जिथे नळीवर बसतो तिथे जुना स्टेम ४१ मिमी उंच, नवा ३६. लांबी बघून घेतला, उंची बघायची असते हे डोक्यातच नव्हतं. नळी २ मिमी वर आलीय. परतवाड्यात १० मिमीची रिंग मिळतेय, चालेल?

प्रतिसाद
नाही. ती स्टेमखाली घातली तर नळी ८ मिमी खाली जाईल, आणि बाजूच्या दोनपैकी वरच्या बोल्टला आत धरायला पुरेसं काही उरणार नाही. ५ चीच घ्या. स्टेमच्या खाली घाला किंवा वर, खाली घातली तर हँडल तेवढं उंच. पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून घालायचा विचार आला असेल तर सोडून द्या, दाबाखाली तो चेपतो.

हँडल धरणाऱ्या पुढच्या प्लेटचे चार बोल्ट तिरपे तिरपे, थोडे थोडे आवळा. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. स्टेमवर ५ किंवा ६ एनएम (आवळण्याच्या जोराचं माप) छापलेलं असेल, तीच मर्यादा. तो जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर एल चावीचा लांब दांडा बोल्टमध्ये घालून आखूड दांडा हातात धरा, पठ्ठ्याला जोर लावताच येत नाही.

धागाकर्ता
रिंग आज आली. वरचा बोल्ट पाव पाव फेरा देत गेलो. एकदा जास्त झाला तर हँडल जड झालं, तेवढा मागे घेतला. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीनं. टक टक गेली. मिस्त्री दोन वेळा ब्रेक दाबून बघून गेला, टोपीवरचा ओरखडाही दाखवून घेतला. रविवारी घाट उतरून कळवतो.