पिशवी साफ केल्यानंतर पाळी कमी झाली आहे

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): गर्भपातानंतर माझ्या वहिनीची पिशवी साफ करावी लागली, तेव्हापासून पाळी अगदी कमी येते आणि दिवस राहत नाहीत. सोनोग्राफीत काही दिसले नाही, तर पुढे काय करावे?

उत्तर: क्युरेटिंगमध्ये (पिशवी साफ करताना) गर्भाशयाचे आतले अस्तर खोलवर खरवडले गेल्यास गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटू शकतात, याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात. साध्या सोनोग्राफीत ते अनेकदा निसटते, म्हणून पाळी संपताच गर्भाशयाच्या आतून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. त्याच वेळी चिकटलेला भाग सोडवताही येतो.

दुसरे उत्तर: आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग (टीबी) हेही भिंती अशा चिकटण्याचे महत्त्वाचे कारण आहे, आणि त्यात खोकला असेलच असे नाही. अस्तराचा तुकडा क्षयाच्या तपासणीसाठी पाठवण्यास आवर्जून सांगा. घरात वहिनींना कोणी दोष देत असेल, तर कृपया थांबवा.