विषय: ठोकलेली गाडी दुरुस्त करून विकतायत, घ्यावी का?

नमस्कार मंडळी,
एक सेकंडहॅन्ड गाडी बघून आलोय. पाच वर्षं जुनी, रनिंग कमी, आतून चकाचक आणि तशाच दुसऱ्या गाड्यांपेक्षा बरीच स्वस्त. विकणारा आपणहून म्हणाला की पुढून ठोकली होती, इन्शुरन्सने टोटल लॉस केली (म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असं ठरवून भरपाई दिली), मग त्याने घेऊन दुरुस्त केली. चालवून बघितली, काही जाणवलं नाही. बायको नको म्हणतेय, मला मोह होतोय. कुणाला अनुभव?

---

उत्तर:
अरे, "पुढून ठोकली" म्हणजे नक्की कुठपर्यंत ते विचारलंस का? बंपर, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बॉनेट हे सगळं बोल्टवर असतं, बदललं की विषय संपला. पण बंपरच्या मागे दोन रेल, म्हणजे धातूचे लांब दांडे, असतात ना, त्या धडकेत चुरगळतात आणि जोर खातात म्हणून आतला माणूस वाचतो. चुरगळलेली रेल ओढून सरळ केली तर दिसायला सरळ दिसते, पण पुढच्या वेळी ती कशी चुरगळेल ते कोण सांगणार?

मी घेतली होती अशी एक. गाडी सारखी डावीकडे ओढायची, पुढचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेले, दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून झालं, तिसऱ्यांदा तो माणूस म्हणाला, आता फिरवायला जागाच नाही उरली. लिफ्टवर चढवली तेव्हा कळलं, एका रेलवर कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके, दुसरीवर वेल्डिंगचा जाड वळ आणि वरून काळा अंडरकोट फासलेला! तेव्हा आधी लिफ्ट, मग मोह.

आणि किल्ली फिरवलीस की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बहुतेक कुणीतरी काहीतरी केलंय. सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून तळाच्या लेबलवरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का बघ, फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पाना लागून उडालाय का तेही बघ. पेंटची जाडी मोजायचं मशीन मिळालं तर उत्तम, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, 500 च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे असं समज.

---

उत्तर:
काकांना अनुमोदन. फक्त एक, बघायला जायच्या आधी इन्शुरन्सवाल्यांना फोन करून ठेव. टोटल लॉसचा शिक्का असलेल्या गाडीला काही कंपन्या फुल कव्हर देतच नाहीत, देतात त्याही क्लेमच्या वेळी किंमत कमी धरतात, आणि उद्या तू विकायला काढलीस की घेणारा तुलाही हेच प्रश्न विचारणार. शिवाय काचेमागचा कॅमेरा, बंपरमधला रडार यांचं कॅलिब्रेशन (दुरुस्तीनंतर पुन्हा अचूक जुळवणं) झालंय का? त्याचा कागद माग, नुसतं "हो हो झालंय" नको.

---

उत्तर:
काका, ताई, थँक्यू. आज परत जाऊन आलो. दुरुस्तीच्या आधीचे फोटो मागितले तर म्हणे फोन बदलला, त्यात गेले. लिफ्टवर चढवू म्हटलं तर पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला. मग मीच आत बसून किल्ली फिरवली. बाकी सगळे दिवे लागले, एअरबॅगचा लागलाच नाही. म्हणे बल्ब गेला असेल.

सोडून दिली. बायकोला अजून सांगितलेलं नाही, तिचं बरोबर निघालं हे कबूल करायला दोन दिवस द्या.